बुन्नेच्या बरणीतला तांदूळ

बुन्ने गेल्याचं कळलं तेव्हा ओक्सिम लाँड्रीत छावणीतल्या शिपायांच्या सदऱ्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि आतल्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "मी तिला शेवटची आंघोळ घालायला चाललेय."

"त्या वस्तीत? पांगच्या माणसांत?" सांगजुनने कपाळाला आठ्या घातल्या.

"मी विचारलं नाही, सांगितलं."

"मग मीही येतो. नाहीतर तो पांग तिला आपली म्हणून पुरून मोकळा होईल!"

सांगजुन वरच्या मंडळाचा अध्यक्ष, आणि पांग मास्तर खालच्या मंडळाचा. जपान्यांच्या घशातून देश सोडवायला वाहियावा या बेटावरच्या गावातल्या कोरियन लोकांनी काढलेलं मंडळ मुळात एकच होतं. पुढे परक्या सरकारांना अर्ज करायचे की बंदुका घ्यायच्या, यावरून हे दोघे भांडले. देश राहिला समुद्रापार, इथे मात्र चर्चमधल्या बाकांचीसुद्धा वाटणी झाली. भांडताना यांना कधी थकवा आला नाही. अननसाच्या मळ्यात पाठ मोडून आलेल्या बायकांना मात्र दोन्हीकडून देशभक्ती शिकवली जाई.

ओक्सिम आणि बुन्ने एकाच बोटीने आल्या होत्या, फोटो पाहून ठरलेल्या नवऱ्यांकडे. फोटोतले तरणेबांड नवरे धक्क्यावर पिकल्या केसांचे निघाले, तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. जी आधी जाईल तिला दुसरीने आंघोळ घालायची, नवी वस्त्रं नेसवायची आणि तोंडात तीन चमचे तांदूळ घालायचा, असं तिथेच ठरलं होतं. तांदळाची ही रीत पाद्रीबुवांना आवडत नसे. पण मेलेल्या माणसाला लांबच्या वाटेवर उपाशी कसं धाडायचं?

बुन्नेच्या खोलीत म्हातारी शेजारीण बसली होती. बाहेर पांग मास्तर चार माणसं घेऊन आधीच हजर होते. ओक्सिमने बुन्नेच्या अंगावरची चादर काढली. नुसती हाडं होती.

"आजी, काय झालं होतं हिला?"

"काय व्हायचंय? मळ्यावरून काढलं, मग रताळ्याच्या पाल्यावर दिवस काढले. कुणाला कळवू दिलं नाही बाईने. मी म्हटलं, अगं, बरणीभर तांदूळ आहे घरात, शिजव की! तर म्हणते, तो देशाचा आहे." म्हातारीने डोळे पुसले. "एवढंच म्हणाली, ओक्सिम आली की माझ्याच बरणीतले तीन चमचे घालायला सांग."

बरणी कोपऱ्यात होती. देशासाठी घराघरांतल्या बायका प्रत्येक जेवणाला आपल्या वाट्याचा एक चमचा तांदूळ अशा बरणीत टाकत; तो विकून पैसा मंडळाच्या निधीत जाई. बुन्नेचा नवरा वारला, त्यानंतर ती कुठल्याच मंडळात गेली नाही, म्हणून दोन्ही मंडळांनी तिच्या बरणीवर हक्क सांगितला. सांगजुनने झाकणावर कागदाची पट्टी डकवून शिक्का मारला. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी त्यावर आडवी पट्टी डकवली. निकाल लागेपर्यंत बरणीला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, आणि निकाल काही लागला नाही.

ओक्सिमने बुन्नेला आंघोळ घातली, वस्त्रं नेसवली. मग बरणी पुढे ओढली.

"वहिनी, थांबा!" दारातून मास्तर ओरडले. "दोन्ही मंडळांच्या सभेशिवाय ती उघडता येणार नाही."

"बरोबर आहे," सांगजुन म्हणाला. "आपल्या घरचा तांदूळ घाल. नियम म्हणजे नियम."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं होतं. ओक्सिमने दोघांकडे बघितलं आणि एका हिसक्यात दोन्ही पट्ट्या टरकावल्या.

झाकण उघडताच कुबट वास आला. तांदळाला जाळी धरली होती. वळवळणारे किडे, काळपट भुसा, आणि मधे कुठेतरी पोखरलेले दाणे. म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "आणि ही याच्यासाठी उपाशी मेली."

ओक्सिम पांढरं फडकं पसरून निवडत बसली. धड दाणे जेमतेम निघाले. तिने बुन्नेच्या तोंडात पहिला चमचा घातला आणि रीतीप्रमाणे वाटेची शिदोरी मोजली, "शंभर पोती." दुसरा घातला, "हजार पोती." तिसऱ्या चमच्यात चारच दाणे होते. "दहा हजार पोती," ती म्हणाली. जिवंतपणी हिला एक वाटी पुरली असती.

बुन्नेला पुरून लोक परतले. रीतीप्रमाणे आलेल्या माणसांना जेवण द्यायचं होतं. म्हातारीने सगळ्यांसाठी डाळ-पाल्याचं कालवण केलं. भात ओक्सिमने दोनच वाट्या वाढला. एक नवऱ्यापुढे ठेवली, एक मास्तरांपुढे.

सांगजुनने वाटीत पाहिलं आणि तो दचकून मागे सरकला. करड्या भातात काळे किडे शिजले होते.

"हे काय आहे?"

"बरणीतलं उरलेलं," ओक्सिम म्हणाली. "तुम्हा दोघांचंही म्हणणं होतं ना, आमचाच आहे म्हणून? वाटणी केली."

"वहिनी, हा काय..." मास्तरांनी वाटी दूर सारली.

"खा मास्तर. देशाचा आहे, टाकायचा नाही," ती म्हणाली, आणि दोघांच्या समोर, ते खाईपर्यंत उठायचं नाही अशी मांडी ठोकून बसली.