छातीचा फोटो

महिपत धनावडे घरापुढच्या खळ्यात उभा होता आणि आम्रपालीला बस म्हणाला नव्हता. थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही, तुम्हाला टीबी नाही, एवढं सांगायला ती बौद्धवाडीतून घाटी चढून आली होती. ऐकून त्याला हायसं वाटेल अशी तिची समजूत होती. पण तो म्हणाला,

"मशीन बोल्ला टीबी हाय. आता तू बोलतेस नाय. मग इतके दिवस मी पडवीत एकटा निजलो, ता कशासाठी?"

शाळेत शिबिर झालं होतं. हातात मावेल एवढं एक्स-रेचं मशीन आणि त्याने काढलेला फोटो आपणच वाचणारा संगणक. मंडणगडच्या प्रशिक्षणात त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणाले होते. गावाने त्याचं बुद्धीचं मशीन केलं. महिपतचा फोटो निघाला तेव्हा पडद्यावर त्याच्या छातीत लाल डाग उमटला आणि मागच्या रांगेने तो पाहिला. त्या संध्याकाळपासून त्याचं ताट वेगळं झालं. शेजारी त्याच्या खळ्यातून जायचे ते मागच्या वाटेने जाऊ लागले. मुलाच्या, सागरच्या लग्नाची गुहागरकडे चाललेली बोलणी थांबली.

आम्रपाली तांबे ही गावची आशा सेविका. लसीकरण, बाळंतपणं, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, सगळं तिच्या पायांवर चालायचं. मशीन चुकत नाही असं प्रशिक्षणात सांगितलं, तेच तिने घरोघरी सांगितलं. आता डॉक्टर म्हणत होते की महिपतला तरुणपणी न्यूमोनिया झाला असावा, त्या जुन्या व्रणाचा मशीनला संशय आला. मशीन संशयच सांगतं, खरं काय ते थुंकीवरून ठरतं. तिने हे जमेल तितकं सोपं करून महिपतला सांगितलं.

"ता तेव्हा कोण बोल्ला नाय," तो म्हणाला.

"नाही बोललं कोणी. मीसुद्धा नाही, दादा."

त्याची बायको गंगा दाराशी उभी राहून ऐकत होती.  आम्रपाली परत निघाली तेव्हा उतारावर तिला दम लागला. हल्ली लागायचा. थंडीचा खोकला आहे, असं ती स्वतःला सांगत आली होती.

पुढच्या शिबिराला माणसं शाळेपर्यंत आली, पण पायऱ्या चढेनात. तंत्रज्ञ सर्वेश रत्नागिरीहून मशीन घेऊन आला होता, तो रिकामाच बसून राहिला. आम्रपालीने आधी त्याला पडदा भिंतीकडे फिरवायला लावला. ज्याचा फोटो त्यानेच पाहायचा. मग ती बाहेर आली आणि उभ्या माणसांशी बोलायला लागली. या मशीनला लाखो छात्यांचे फोटो दाखवलेत, त्यातून ते शिकलंय, असं तिने सांगितलं. तुम्ही कोण, कुठले, ते त्याला कळत नाही. नसलेला आजार त्याला दिसू शकतो, असलेला सुटूही शकतो, म्हणून नुसत्या त्याच्या शब्दावर कोणाला औषध देत नाहीत. मग ते हवंच कशाला, असं एका बाईने विचारलं. फोटो वाचणारा डॉक्टर आपल्याकडे नाही, आम्रपाली म्हणाली. फोटो रत्नागिरीला जाऊन परत येईपर्यंत घरातली पोरंबाळं खोकायला लागतात.

कोणी हललं नाही. तेव्हा ती सर्वेशला म्हणाली, "पहिला माझा काढ. आणि माझ्यापुरता पडदा बाहेर फिरव."

फोटो निघाला. उजव्या बाजूला, वर, लाल डाग होता.

सर्वेशने घाईने पडद्याला हात घातला. तिने तो धरला. बाहेर इतकी शांतता झाली की रस्त्यावरून गेलेल्या टेंपोचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला.  आम्रपालीला ढिले झालेले ब्लाउज आठवले, रात्रीचा घाम आठवला. पदर तोंडावर घट्ट धरून, लांबूनच ती म्हणाली, "दिसलं ना? हे खरं असेल, नसेलही. उद्या मी थुंकी देते. काय येईल ते मीच तुम्हाला सांगेन."

ते खरं निघालं.

तिने सांगितलं. मास्क लावून, प्रत्येक वाडीत रस्त्यावरच उभी राहून. नवरा अमरदीप मुंबईहून फोनवर चिडला. गावभर सांगायची काय गरज होती, लेकीला, दर्शनाला, उद्या स्थळं यायची आहेत, तिचा तरी विचार करायचास. ती म्हणाली, "महिपतदादाचं आपोआप गावभर झालं. त्याला कोणी विचारलं नव्हतं." 

औषधं सुरू झाली. काही दिवस तिने घरीच काढले. तेवढ्यात गावातल्या मनस्वीचे दिवस भरले. पहिल्या महिन्यापासून आम्रपालीने तिला सांभाळलं होतं, पण दवाखान्यात तिच्याबरोबर शेजारच्या गावची आशा गेली. डॉक्टरांनी आता धोका नाही म्हणून सांगितल्यावरही बाळ बघायला तिला कोणी बोलावलं नाही. ती रस्त्याने जाताना वेग कमी करायची, बाळाचं रडणं ऐकायची आणि पुढे जायची.

त्यानंतरच्या शिबिराला शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. आम्रपाली मास्क लावून बाजूला, फणसाखाली उभी होती. रांग सोडून महिपत तिच्याकडे आला. मागे गंगा होती.

"माझ्या वेळी चुकला," तो म्हणाला. "तुझ्या वेळी बरोबर निघाला. हिच्या वेळी काय करील?"

"मला माहीत नाही, दादा. संशय दाखवला तर थुंकी तपासू. तोवर हिचं ताट वेगळं करू नका."

महिपतने मान खाली घातली. मग बायकोला म्हणाला, "जा."

गंगा दारापर्यंत गेली. गळ्यातलं काढून ठेवा, फोटोत येतं, असं सर्वेशने सांगितल्यावर ती थबकली. लग्नापासून तिने ते उतरवलं नसावं. फासा सुटायला वेळ लागला. तिच्यामागून दारापाशी आलेल्या महिपतने हात पुढे केला होता. ती त्याच्यासमोरून फणसाखाली आली आणि मंगळसूत्र आम्रपालीच्या तळहातावर ठेवून आत गेली.

काळे मणी अजून अंगाच्या उबेने कोमट होते. आम्रपालीने मूठ मिटली आणि आतला पडदा दिसू नये म्हणून दाराकडे पाठ करून उभी राहिली.