बाबांच्या नावाचा चहा

अंत्यविधीवाल्याने बाबांच्या दहनासाठी मंगळवारची, सकाळी अकराची वेळ दिली आणि आई जी खुर्चीत बसली, ती उठेचना. दहनगृहात दुसरी वेळ शिल्लक नव्हती. दुपारची हवी असेल तर आणखी आठवडाभर थांबा, असं तो टोपी हातात धरून सांगून गेला.

“अकराला नेलं की साडेबाराला माणसं हॉलवर येणार,” आई मला म्हणाली. “साडेबाराला चहा कसा द्यायचा, जून?”

आमच्या या यॉर्कशरच्या खोऱ्यात माणूस गेला की त्याच्या नावाने चहा देतात. आम्ही चहा म्हणतो ते संध्याकाळच्या जेवणाला. त्या दिवशी हॅमचे काप, लोणी लावलेला पाव, व्हिनेगरमधले कांदे, फ्रूटकेक, आणि किटलीमागून किटली. दुपारचं असतं ते डिनर, आणि ते गरमच लागतं. हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन दक्षिणेत सरेला गेले तेव्हा विसरायला मात्र शिकावं लागलं. तिकडे दुपारी लंच आणि रात्री आठला डिनर. चहाला या म्हटलं की दोन बिस्किटं पुढे येतात.

ज्युलियनने, माझ्या नवऱ्याने, फोनवर एका वाक्यात गाठ सोडवली: सँडविच मागवा, लंच म्हणा, झालं. मी ते आईला सांगितलं. तिने माझ्याकडे मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

“लंच? तुझा बाप ऑफिसात होता होय गं?”

बाबा लोकरीच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. आपल्यामागे नीट हॅमचा चहा व्हावा, एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं. हॅमची ऑर्डर तर दिलेलीच होती. पण तो दुपारी वाढला तर चहा होत नव्हता, आणि दुपारी गरम डिनर घातलं तर चहा राहूनच जात होता. चॅपलचे पाद्री समजावून गेले की जेवणाचं नाव काय ते देव विचारणार नाही. ते गेल्यावर आई म्हणाली, “देव नाही विचारणार. आयव्ही विचारेल.” आयव्ही मावशी शेजारच्या घरातली, सख्खी नव्हे, पण आमच्या गल्लीत शेजारीण मावशीच असते.

पेपरात द्यायचा मजकूर लिहायला मी बसले. ‘नंतर चॅपलच्या हॉलमध्ये’ इथवर आले आणि पेन थांबलं. काय म्हणू? मला माझंच कळेना. शेवटी तिथेच पूर्णविराम दिला. तसंच छापून आलं.

मंगळवारी साडेबाराला हॉलमध्ये सगळी माणसं ओव्हरकोट घालूनच भिंतीला लागून उभी. बसावं की निघावं, कुणालाच ठरवता येईना. टेबलावर फडक्याखाली हॅम, आणि फडक्यावर आईचा हात. सुरी द्यायला ती तयार नव्हती. पाचशिवाय कापणार नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तेवढ्यात आयव्ही मावशी आली, मांस-बटाटा भरून भाजलेल्या दोन मोठ्या गरम पेस्ट्री टॉवेलात गुंडाळून घेऊन. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यामागून आणखी दोघीजणी, एकीच्या हातात वाटाणे, दुसरीच्या हातात लाल कोबी.

“साडेबारा म्हणजे डिनर,” मावशी म्हणाली. “कोट काढा आणि बसा.”

माणसं जेवली. दोन वाजले, पण कुणी हलेना. चहा झाल्याशिवाय जायचं तरी कसं? तीन वाजले. पुरुषांनी डॉमिनो काढले. बायकांनी ताटल्या धुतल्या, पुसल्या, आणि पुन्हा मांडल्या. आता आपण नक्की कशासाठी थांबलोय, असं ज्युलियनने माझ्या कानात विचारलं.

पावणेपाचला आई हॉलच्या स्वयंपाकघरात एकटीच उभी दिसली, हातात सुरी. मी दार लोटून घेतलं. एका दिवसासाठी एवढा हट्ट का, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला असावा.

ती सुरीकडेच बघत राहिली. “सकाळ झाली, ती ढकलली. दुपार झाली, ती ढकलली. पाच वाजलेले नाही ढकलता येणार मला. त्रेचाळीस वर्षं पाचला त्याच्या ताटात वाढत आले, पोरी. आज पाचला मी घरात उभी राहून काय करू?”

मी तिचा एप्रन मागून बांधून दिला.

पाचला तिने हॅम कापला. पोटं भरलेलीच होती, तरी सगळ्यांनी ताटल्या पुढे केल्या. ज्युलियनने दोनदा घेतलं. आई प्रत्येकाजवळ जाऊन वाढत होती.

ताटल्या गोळा करताना आयव्ही मावशी आईजवळ थांबली. “हिल्डा, उद्या माझ्याकडे चहाला ये.”

आई गोंधळली. “तुमच्याकडे साडेचारला घेतात.”

“आता पाचला घेऊ,” मावशी म्हणाली आणि ताटल्या घेऊन आत गेली.