लेम्पी बसली होती

माझा भाऊ रेइनो लोखंडाच्या खाणीत तीस वर्षं खपला. निवृत्त झाला आणि दुसऱ्याच वर्षी अर्धांगवायूनं त्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. एक 'नाही' तेवढं उरलं. हो म्हणायचं असलं तरी तो 'नाही'च म्हणायचा.

त्याची बायको लेम्पी. उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, तीन वर्षं तिनं एकटीनं केलं. मी रस्त्यापलीकडेच राहते. येता-जाता डोकवायचे, "कसा आहे रेइनो?" विचारायचे, तिच्या हातची कॉफी पिऊन घरी यायचे.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून लेम्पी बदलली. चर्चमध्ये गायला जाणं बंद केलं. फोन वाजत राहिला तरी उचलायची नाही. एकदा ती त्याला लापशी भरवत होती. त्याचं तोंड भरलेलं, डोळ्यांत पाणी आलेलं, तरी ही पुढचा चमचा आत कोंबतच होती.

"अगं थांब! घास आहे त्याच्या तोंडात."

ती थांबली. चमच्याकडे बघत राहिली.

"मदतीला एखादी बाई बघू का?"

"कशाला? आमचं बरं चाललंय."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

नोव्हेंबरात बर्फ पडलं. आमच्याकडे शनिवारी घरोघरी सौना तापते. त्यांची परसात होती, लाकडी, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. लेम्पी दर शनिवारी त्याला चाकाच्या खुर्चीवरून तिथं न्यायची आणि वाफेत बसवून अंघोळ घालायची. त्या दिवशी दुपारी दोनलाच धुराड्यातून दाट काळा धूर निघत होता. इतकी लाकडं कशाला घातली हिनं, असं मनात आलं. तरी मी आधी वेलदोड्याचा पाव भाजून घेतला, मग गेले.

लेम्पी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. अंगात कोट, पायांत बूट. बुटांवरचं बर्फ वितळून खाली थारोळं झालं होतं.

"रेइनो कुठाय?"

"सौनेत."

"एकटा?"

"दार लावून आले."

"कधी?"

तिनं घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी बसलेय, एल्मा. जरा बसू दे मला."

मी पाव तिथंच टाकून धावले. दाराला बाहेरून कडी होती. आत श्वास घेववत नव्हता. रेइनो बाकावरून घसरून फरशीवर पडला होता, चेहरा लालभडक. डावा हात दाराकडे पसरलेला. मी त्याला काखेत धरून ओढत बर्फात आणला. तो डोळे मिटून पुटपुटत होता, "नाही, नाही, नाही."

अँब्युलन्स आली. "ती विसरली," मी सांगितलं. लेम्पी मागे येऊन उभी होती.

"विसरले नव्हते," ती म्हणाली. "कडी मीच लावली."

चौकशी झाली. डॉक्टरांनी तिला तपासलं. खटला झाला नाही. पण रेइनोजवळ एकटं राहायची तिला मनाई झाली. तो आता आठवड्यातले चार दिवस शुश्रूषागृहात असतो, तीन दिवस माझ्याकडे. लेम्पी रोज तासभर येऊन बसते. ती कोट काढत असली की तो तिच्या हातांकडे टक लावून बघतो.

मला वाटलं होतं, मी काही तिच्यासारखी नाही. तिसऱ्याच आठवड्यात त्यानं सकाळपासून चौथ्यांदा चादर भिजवली आणि मी त्याचा दंड असा आवळला की माझी बोटं उमटली. वळ जाईनात. लेम्पीनं ते पाहिले. शेवटी मीच तोंड उघडलं.

"माझ्याच्यानं होत नाहीये, लेम्पी."

"मग आजच फोन कर," ती म्हणाली. "त्यांना सांग, सोमवारपासून त्याला पूर्ण आठवडा ठेवून घ्या. मी बसलेय इथं. तू कर."

मी फोन उचलला. रेइनो "नाही" म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं, ते आम्हा दोघींना कळलं नाही.