चौथी अट

बाळंतपणाच्या वॉर्डात बाईंचा शब्द कधी खाली पडत नसे. नवे डॉक्टरसुद्धा अडलं की त्यांच्याकडे बघत. शिक्षण मात्र नर्सिंगच्या डिप्लोमाचं. पुढं शिकायची फार हौस होती, पण सुईणकामाचा वरचा अभ्यासक्रमच कुठं नव्हता. अठ्ठावीस वर्षं वाट पाहून शेवटी तो उभा करायचं बाईंनीच मनावर घेतलं.

दोन वर्षं त्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत भांडल्या. "उद्या कोणीही उठून वर्गात येऊन बसेल," असं एक मोठे डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथल्या तिथं त्यांनी प्रवेशाच्या तीन अटींखाली चौथी अट लिहून दिली: प्रवेश फक्त पदवीधरांना. डॉक्टरांना सही करावी लागली. बाईंनी घरी जाताना एक जाड वही घेतली आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं.

मंजुरी आली, बाई अर्ज भरायला बसल्या आणि पदवीच्या रकान्याशी पेन अडलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा, तर असा! लेक आधी खो खो हसली, मग आईचा चेहरा बघून तिनं अर्ज हळूच बाजूला सारला.

कॉलेजच्या प्राचार्यांच्या कानावर हे गेलं. "बाई, तुमच्यापुरती अट सैल करू. कोण काय बोलणार आहे?"

बाईंच्या अगदी ओठांवर 'हो' आलं होतं. इतक्या मनापासून त्या लग्नालाही हो म्हणाल्या नव्हत्या.

"सगळेच बोलतील, सर. पहिल्याच वर्षी वशिला लावला, तर या पोरींच्या पदवीला कोण विचारील? मी शिकवीन."

पहिल्या दिवशी बारा जणी आल्या. प्रात्यक्षिकाच्या टेबलाशी बाई तळहात एकमेकांवर चोळत उभ्या होत्या. गार हात लागला की बाळंतीण दचकते, पोट घट्ट होतं आणि बाळाचं डोकं हाताला लागत नाही. म्हणून आधी हात गरम करायचे, हा धडा त्यांनी अभ्यासक्रमाच्या पहिल्याच पानावर घातला होता.

प्राचार्यांनी हजेरी घेतली. बारावं नाव झालं, हजेरीवही मिटली.

"हजर," बाई म्हणाल्या.

पोरी हसल्या. बाईही हसल्या. "चला गं, हात चोळा," त्या म्हणाल्या आणि खाली बघत स्वतःचे हात चोळू लागल्या. पोरींचे हात केव्हाच गरम झाले, तरी बाई थांबल्या नाहीत.