गजांच्या सावलीतली सिस्टर

हिवाळ्यातलं कोवळं ऊन फुलसावंगीकडच्या आमच्या उपकेंद्राच्या खिडकीतून आत उतरायचं, तेव्हा गजांच्या उभ्या सावल्या इंगोले सिस्टरच्या शुभ्र साडीवर पडायच्या. ती हलली तरी त्या तिला सोडायच्या नाहीत. आता इतक्या दूर, सुरतेच्या या कोंदट खोलीत सकाळी ऊन आलं की मला आधी त्या सावल्याच दिसतात.

कापसाला भाव नव्हता ती सालं. न विकलेला कापूस घराघरांत आढ्यापर्यंत रचलेला, आणि माणसं त्याच्या कडेला अंग चोरून निजलेली. आमच्या घरी बाळंतिणीला पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून सासूनं मला उपकेंद्रात आणलं. सातवीत शाळा सुटलेली मी, आणि दिवस भरायच्या आधीच आलेली, ओल्या पाखरासारखी निळसर माझी लेक.

मी तापानं फणफणलेली. उबेचं यंत्र तिथं कुठलं असणार? सिस्टरनं छातीवरचा नर्सांच्या संघटनेचा बिल्ला काढला, लेकराला टोचेल म्हणून, आणि माझ्या मुठीत दिला. मग ते पाखरू आपल्या उघड्या छातीशी धरून, वरून शाल गुंडाळून ती खिडकीशी बसली.

त्याच दिवशी यवतमाळला त्या संघटनेची सभा होती. बाळंतपणं करणाऱ्या, नवजात जीव जपणाऱ्या बायांची. प्रत्येक उपकेंद्राला दुसरी नर्स द्या, हे निवेदन सिस्टर वाचणार होती. दोन वर्षं तिनं ते शेजारच्या गावातल्या नर्सच्या हाती धाडलं होतं. पण जिचं गाऱ्हाणं तिनंच उभं राहून मांडायचं, असा तिथला रिवाज, म्हणून कागद न वाचताच परत आला. दुसरी नर्स आली तर दारव्ह्याला अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी चार दिवस जाता येईल, एवढीच तिची आस.

जीपवाल्या सलीमभाईनं दाराशी येऊन विचारलं, "सिस्टर, समोरची सीट राखली तुमच्यासाठी. चलता ना?"

सिस्टरनं शालीत डोकावून पाहिलं. "जा बाप्पा तू. हे पोट्टी मले सोडून नाही राह्यली."

"मागच्या सालीबी असंच म्हणलं होतं तुम्ही."

"तं पुढच्या सालीबी गाडी आणजो."

जीपची घरघर पांदणीत विरेपर्यंत तिची नजर गजांपलीकडे होती. मला हुंदका आवरेना. तिनं वळून न पाहताच म्हटलं, "रडू नको बाई, दूध आटते."

चौथ्या दिवशी लेकीच्या ओठांवर गुलाबी रंग आला. सिस्टरची आई त्याच फाल्गुनात गेली. ही पोचली तेव्हा माती झालेली होती. तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि तेच अजून बोचत राहतं.

बिल्ला परत द्यायचा माझ्याकडून राहून गेला. आता लेक माझ्या खांद्याला लागते, तरी पहाटे तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहण्याची माझी खोड जात नाही. कुणी विचारलं तर सांगते, उगाच. काळ पुढे जातो म्हणतात. मला वाटतं, कुणीतरी एका खिडकीशी अडकून राहतं, तेव्हा कुठं बाकीच्यांचा काळ पुढे सरकतो.