नारळाच्या फोटोखालची ओळ

आलमबागच्या एका बँकेत अधिकारी असलेल्या हेमचंद्र बर्व्याच्या विनोदाला सलग तीन महिने कुणीही हसलं नव्हतं. चौथ्यांदाही कुणी हसलं नाही, तर त्याला परीक्षक व्हावं लागणार होतं.

लखनौतल्या चार मराठी घरांची ही स्पर्धा. महिन्यातून एका शनिवारी कुणाचा तरी फसलेला फोटो मधोमध ठेवायचा आणि त्याखाली शोभेल अशी ओळ बाकीच्यांनी चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. परीक्षक त्या वाचून दाखवणार. सलग चार वेळा ज्याच्या ओळीला कुणी हसणार नाही, त्याने लेखणी खाली ठेवून परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं. हा नियम १९९३ साली हेमचंद्रनेच केला होता, विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या गोपीनाथ सरांना डोळ्यांपुढे ठेवून. सर तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या खुर्चीत होते आणि हसायचेही बंद झाले होते.

या खेपेचा फोटो तेलीबागच्या श्रीरंगचा होता. गणेशोत्सवात त्याचा सत्कार झाला, शाल घसरली, ती सावरायला त्याने हात वर नेला आणि त्याच हातात नारळ असल्यामुळे नारळ नेमका कानाला लागला. धनंजयने त्याच क्षणी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. हेमचंद्रने त्यावर आठ दिवस मेहनत घेतली होती. शनिवारी तो बँकेतून परस्पर जानकीपुरमला, धनंजयकडे, पोचला आणि खिशातली चिठ्ठी डब्यात टाकून मोकळा झाला. त्याची बायको देवयानी आधीच येऊन विणत बसली होती. ती कधी भाग घेत नसे.

सरांनी वाचायला सुरुवात केली. धनंजयच्या ओळीला बऱ्यापैकी हशा मिळाला. त्याच्या बायकोच्या, नंदाच्या, ओळीला थोडा जास्त. सरांनी तिसरी चिठ्ठी उघडली.

"हलवून, पाणी वाजतंय का ते ऐकून घ्या. मागच्या वेळी खवट निघाला होता."

श्रीरंगच आधी फुटला. नंदाने पदर तोंडात कोंबला. सरांचा चष्मा खाली पडला. ते चक्क हसत होते. हेमचंद्रही मांडीवर थाप मारून हसला आणि ज्याने कुणी हे लिहिलं असेल त्याचा त्याला मनापासून हेवा वाटला.

देवयानी मात्र हसत नव्हती. ती त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाली, "अहो, नारळ आणायचा राहिला ना?"

हेमचंद्रने खिसा चाचपला. बँकेच्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी त्यांच्या घरात सगळ्याच कामाला वापरत. आठ दिवसांची मेहनत अजून खिशातच होती.

"कोणाची रे ही?" धनंजयने विचारलं. "माझी नाही, नंदाची नाही. हेम्या, तू? अरे यार, छुपा रुस्तम निघालास. तीन महिने मुद्दाम थंड बसला होतास काय?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हेमचंद्रने ती अर्धी हलवलीही. देवयानी टाके मोजत होती. ती चारचौघांत काही बोलणार नव्हती, घरीही बोलणार नव्हती. फक्त यापुढे तो कुठेही विनोद सांगायला लागला की ती अशीच टाके मोजत बसेल, हे त्याला सोळा वर्षांच्या संसारातून कळत होतं.

"देवयानीची आहे," तो म्हणाला. "सामानाची चिठ्ठी. चुकून पडली."

आता मघापेक्षा मोठा हशा झाला. श्रीरंग तर उशीवर डोकं आपटायला लागला. सावरल्यावर त्याने विचारलं, "मग तुझी कुठाय? वाच की."

हेमचंद्रने घसा साफ केला. "सत्काराच्या भाराने वाकलेला, तथापि श्रीफळाच्या श्रवणाने कृतार्थ झालेला हा नम्र मानव."

पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"छान आहे हं, भाऊजी," नंदा म्हणाली. त्या 'छान'ने उरलंसुरलं संपवलं.

गोपीनाथ सर उठले. त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली, हेमचंद्रला हाताला धरून तिच्यात बसवलं आणि स्वतः त्याच्या जागी सतरंजीवर मांडी घालून बसले. ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

"सर, पुढचा फोटो कोणाचा?" श्रीरंगने विचारलं.

"यात विचारायचं काय आहे?" सर म्हणाले.

धनंजय कॅमेरा घेऊन आला. हेमचंद्रने परीक्षकाला शोभेल असा गंभीर चेहरा केला, पाय जुळवले आणि हात मांडीवर ठेवले. सर्वांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. देवयानीने विणकाम बाजूला ठेवलं आणि नंदाकडे पेन मागितलं.