सोलो कोणाचा

मी ट्रॉम्बोन बोलतोय. सनई नाही, तुतारी नाही, आणि लग्नातली पोरं म्हणतात तसा 'लांबडा बाजा' तर मुळीच नाही. पुढेमागे सरकणारी नळी असलेला बँडमधला मी एकटाच. आधीच सांगून ठेवतो, आत्मवृत्त सांगणाऱ्या छत्र्या आणि फाटकी पुस्तकं शेवटी हात जोडतात, तसं माझ्याकडून होणार नाही. मला एका माणसाचा राग आहे. त्याचं नाव गणराज. मी बोलायला बसलोय ते त्याच्यासाठीच.

माझा जन्म मेरठचा. पण मुंबईच्या दुकानदाराने मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि 'इंग्लंडचा माल' म्हणून सांगत सुटला. एक दिवस कोर्लईचा जेरोम रोशा दुकानात आला. त्याने मला उलटासुलटा करून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "इंग्लंड मेरठजवळ कधी आलं, शेठ?" दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं. जेरोमने तरीही मलाच घेतलं. त्याच्या पहिल्या फुंकीलाच मला कळलं, आपलं जमणार.

जेरोम एका मोठ्या हॉटेलात वाजवायचा. सोळा जणांचा बिग बँड, सगळे पांढऱ्या कोटात, आणि वाजायचं जॅझ. कुणी कधी वाजवायचं आणि कुणी कधी गप्प राहायचं, हे ज्याने बसवलं त्याची ती अरेंजमेंट. एरवी सगळे खुर्चीत बसून वाजवायचे. मग मध्येच सगळे थांबायचे आणि जेरोम मला घेऊन एकटा उभा राहायचा. तो माझा सोलो. पंधरा माणसं बसलेली आणि आपण उभे, ह्याची एकदा सवय लागली की सुटत नाही हो. मला ती लागली.

पुढे हॉटेलांतले बँड बंद पडले आणि जेरोम मला घेऊन गावी आला. कोर्लईच्या सणाला एकदा खारेपाटातला एक ब्रास बँड आला होता. त्यात दयाराम नावाचा आगरी गडी बाजा फुंकत होता. जेरोमने त्याचा श्वास ऐकला आणि त्याला घरी बोलावलं. त्या दिवसापासून दयाराम दर सोमवारी एसटीने कोर्लईला यायला लागला. जेरोमने त्याला मला वाजवायला शिकवलं, एवढंच नाही, मला सांभाळायलाही शिकवलं. नळीला थोडी कोल्ड क्रीम, वर पाण्याचे चार थेंब, बाकी काही नाही.

तो बँड होता दयारामच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा. तोच हा गणराज. तेव्हा मी त्याला भला माणूस समजत होतो.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते आणि तिच्या गाण्याबरोबर एकेक विधी पुढे सरकतो. एका लग्नात जेरोमने सखुबाई धवलारणीला ऐकलं. तिचा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नव्हता, घसरत घसरत जात होता. जेरोमने दयारामचा दंड धरला. "अरे, ही बाई ट्रॉम्बोन आहे!"

मग पावसाळाभर बसून त्याने त्या धवल्याची बिग बँडसाठी अरेंजमेंट केली. सॅक्सोफोन कुठून आणणार? त्यांच्या जागी क्लॅरिनेट घातले. ट्रम्पेट प्रश्न विचारणार, सगळा बँड उत्तर देणार, आणि मधोमध सगळे गप्प होऊन मी एकटा धवला गाणार. पण घोडं एका ठिकाणी अडलं. हॉटेलातला बँड बसून वाजवतो, म्हणून सोलोवाला उभा राहिला की दिसतो. लग्नाचा बँड तर आधीच उभा! जेरोम म्हणाला, "मग बाकीच्यांनी खाली बसायचं."

आणि बसायला लागले की! रस्त्यात, मांडवात, कुठेही. सोलो आला की क्लॅरिनेटवाले, ट्रम्पेटवाले खाली बसायचे, ढोलवालासुद्धा ढोल पुढ्यात घेऊन उकिडवा बसायचा, आणि दयाराम एकटा उभा. बायका हातातलं ताट हातातच ठेवून ऐकायच्या. सखुबाईने फक्त एक बजावलं होतं, "धवला सुरू केलास तं पुरा कर, बाबा. अर्धा टाकून कोनी उठायचा न्हाय. लग्नाला लागतंय तं." दयारामने कधी अर्धा टाकला नाही.

जेरोम गेला तो फुप्फुसाच्या दुखण्याने. शेवटी शेवटी त्याला मी नुसता छातीवर ठेवायला लागायचो. जाण्याआधी त्याने सगळ्या बँडला घरी बोलावलं आणि मला दयारामच्या हातात दिलं. "हा दयारामचा. सोलोपण त्याचाच." गणराज समोरच उभा होता. त्याने मान हलवली, डोळेही पुसले. ते डोळे पुसणं मी पाहिलंय, म्हणून तर अंगाचा जास्त तिळपापड होतो.

जेरोमच्या महिन्याची प्रार्थना झाली आणि गणराज दयारामच्या दारात आला. "दाजी, वस्तू बँडची हाय, बँडच्या पेटीत राहू दे. तुमच्याकडं उंदीर हायेत." उंदीर! मी पितळेचा आहे, मेल्या, भाकरीचा नाही. पण दयारामची बायको पाठच्या भावाकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि दयारामने मला देऊन टाकलं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मग एकेक बाहेर पडायला लागलं. बँडच्या टेंपोवर नवा बॅनर लागला, 'अरेंजमेंट: गणराज मास्तर'. मोबाइलवर व्हिडिओ निघाला, अलिबागपासून उरणपर्यंत फिरला, आणि खाली लोक लिहायला लागले, मास्तर म्हणजे मास्तरच. मला गणराजच्या मुलाच्या, प्रणयच्या हातात दिलं. पंचविशीतला गडी, केसांना जेल, डोळ्यांना गॉगल. वाजवायचा बरा, खोटं कशाला बोलू, पण धवला त्याच्या पोटातून येत नव्हता. आणि दयारामच्या गळ्यात अडकवली झांज. त्याच बँडमध्ये, मागच्या रांगेत. सोलो आला की दयाराम बाकीच्यांबरोबर खाली बसायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा. गणराज मात्र बसायचा नाही. छडी घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा, जणू सोलो त्याच्याच छातीतून निघतोय.

तेव्हा मी ठरवलं, ह्याला सोडायचं नाही. दयारामला त्याचा सोलो आणि मी, दोन्ही परत मिळाले पाहिजेत, आणि गणराजचं नाक कापलं गेलं पाहिजे, तेही भर मांडवात.

पण बाजा काय करणार? माझ्यात साचलेलं पाणी मी प्रणयच्या नव्या बुटांवर सोडलं. वरच्या सुराला मुद्दाम फाटलो. त्याने काय होतंय! लोकांना वाटलं, नवीन स्टाइल आहे. शिट्ट्या मारल्या मेल्यांनी.

माघातलं एक लग्न आलं. ट्रकांचा धंदा असलेलं मोठं घर, पाहुणे पार पनवेलपासून आलेले. सकाळी नवरदेवाची हळद उतरवून त्याला न्हाऊ घालायचं होतं, आणि त्या वेळी बँडने धवला वाजवायचा असं ठरलं होतं. आदल्या दिवशी प्रणयला माझी नळी जड वाटली. कोल्ड क्रीम वगैरे म्हणजे म्हाताऱ्यांची थेरं, असं त्याचं मत. त्याने आपल्या वाडीतलं ताजं खोबरेल आणलं आणि माझ्या नळीला डोक्याला थापतात तसं चोळलं. तेव्हा दुपार होती. मी लोण्यासारखा सरकायला लागलो. "बघ, बाबा, मक्खन!" तो म्हणाला. गणराजने कौतुकाने मान डोलावली. दयाराम कोपऱ्यात झांज पुसत होता. त्याने तेलाच्या बाटलीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा झांज पुसायला लागला.

मी त्या रात्री टेंपोत उघड्यावर पडून होतो. माघाची थंडी ती. सकाळपर्यंत माझ्या पोटातल्या तेलाचं पांढरं घट्ट लोणी झालं होतं. कुणी म्हणेल तेलाने केलं. मी म्हणतो मी केलं. तेल थिजत होतं आणि मी ते घट्ट धरून बसलो होतो.

मांडव भरला. नवरदेव पाटावर, बाजूला चुलीवर पाण्याचा हंडा वाफाळतोय. सखुबाईने धवल्याची पहिली ओळ गायली आणि बँडने उचलली. ट्रम्पेटने विचारलं, क्लॅरिनेटने उत्तर दिलं, आणि सगळा बँड खाली बसला. प्रणय एकटा उभा. समोर गणराज छडी घेऊन. कॅमेरेवाल्याने रोखच प्रणयवर धरला.

पहिले दोन सूर मी दिले. उगाच नाही दिले. धवला सुरू व्हायला हवा होता ना! तिसऱ्या सुराला नळी लांब न्यायची होती. प्रणयने ढकलली. मी हललो नाही. त्याने जोर लावला. मी तसाच. त्याच्या कपाळावर घाम आला, गॉगल नाकावर घसरला. माझ्या तोंडातून रेड्यासारखा आवाज निघाला आणि पोरं खो खो हसली. बसलेल्या बँडमध्ये तो एकटा उभा, लपणार कुठे?

पण सखुबाई हसली नाही. "धवला अर्धा राह्यला," ती म्हणाली.

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. नवरदेवाची आई कोकिळाबाई हातातला तांब्या तसाच धरून पुढे आली. "मास्तर, माझ्या एकुलत्या एका पोराचं लगीन हाय. ह्यो अर्धा ठेवू नका, पाया परतं तुमच्या."

गणराजने प्रणयच्या हातातून मला ओढून घेतलं, गदागदा हलवलं, जमिनीवर आपटायला निघाला. मग त्याची नजर मागच्या रांगेत गेली. "दाजी," तो हळूच म्हणाला, "करा कायतरी."

नको करू, दयाराम! मी आतल्या आत ओरडत होतो. बुडू दे त्याला. बस तसाच.

दयाराम उठला. त्याने गळ्यातली झांज काढून खाली ठेवली. मला हातात घेतलं, नळीवर बोट फिरवून बोट नाकाशी नेलं. मग चुलीकडे गेला. "वहिनी, दोन तांबे गरम पानी द्या." नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी माझ्या अंगावर ओतलं गेलं. नवरदेवाच्या आधी मी न्हालो! तेल सुटून खाली निथळलं. दयारामने खांद्यावरच्या टॉवेलने नळी कोरडी केली आणि खिशातून कोल्ड क्रीमची चपटी डबी काढली. माझा ताबा जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी हा माणूस ती डबी खिशात घेऊन फिरत होता. खरं सांगतो, तेव्हा मला रडूच आलं असतं.

त्याने मला ओठांना लावलं. आणि त्याने मला परत खाली केलं.

"गणराज, सगल्यांसमोर सांग. अरेंजमेंट कोनाची?"

"दाजी, ही वेळ हाय का?"

"हीच वेळ हाय."

कोकिळाबाई गणराजकडे बघत होती, सखुबाई बघत होती, पनवेलचे पाहुणे बघत होते. गणराजची मान खाली गेली. "जेरोम रोशांची," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. आनि बाजा कोनाचा?"

"अरेंजमेंट जेरोम रोशांची! बाजा तुमचा, दाजी. त्यांनी तुमच्याच हातात दिला व्हता. सोलोपन तुमचा." त्याचे कान लाल झाले होते. पितळ उघडं पडणं म्हणतात ते हेच. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"आता बस," दयाराम म्हणाला.

गणराजने इकडेतिकडे पाहिलं. सगळा बँड, प्रणयसुद्धा, बसलेला होता. मग गणराज मास्तर छडी बाजूला ठेवून, पांढरी पँट सावरत, तेलपाण्याच्या चिखलात उकिडवा बसला. आणि आम्ही धवला पहिल्यापासून घेतला. मी कधी वाजलो नव्हतो तसा वाजलो. सखुबाईने शेवटच्या ओळीला माझ्यात आपला आवाज मिसळला.

आता मी दयारामच्या घरी खिडकीशी खुंटीला असतो. इथे उंदीर नाहीत, मी पाहिलंय. टेंपोचा बॅनरही बदलला. शिमग्याला गणराज नारळ घेऊन आला, भाचीला पैसे दिले, ओशाळून हसला, आणि दयारामने त्याला चहा पाजला. झालं गेलं विसरला. दयाराम पुन्हा त्याच बँडमध्ये सोलो वाजवतो. तो माणूस आहे. त्याच्या बायकोचं माहेर तिथे आहे, एका गल्लीत राहायचं आहे, उद्या पोरीच्या लग्नात मामा लागणार आहे. त्याला माफ करणं भाग आहे. मला भाग नाही. मला ना सासर ना माहेर.

तेव्हा एकच मागतो. ह्या बाजूला कधी लग्नाला आलात आणि सगळा बँड खाली बसून एकटा ट्रॉम्बोन धवला गाताना ऐकलात, तर सोलो संपायच्या आत गणराजजवळ जा आणि मोठ्याने विचारा, "मास्तर, अरेंजमेंट कोणाची?" प्रत्येक लग्नात विचारा. आणि त्याला जेरोमचं नाव घ्यावं लागेल तेव्हा त्याचा चेहरा नीट बघून ठेवा. मला बघता येत नाही, मी तेव्हा वाजत असतो.